कोपऱ्यातला ठिपका

३ फेब्रुवारी, सोमवार

भोवरा जाणार! नक्की! आज मीटिंगमध्ये ठरलं.

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात इतकी वर्षं गरागरा फिरणारा आमच्या चॅनलचा तो लाल भोवरा — सोनेरी कड, खाली सावली, वर मधूनमधून उगाचच चमक — एकदाचा निवृत्त. मी टाळ्याच वाजवणार होते. हात मांडीखाली दाबून बसले.

नवे साहेब बोलत सुटले होते. स्वच्छ पडदा, स्वच्छ अक्षरं, स्वच्छ ओळख. मी वहीत त्यांचं नाव लिहून टाकलं — स्वच्छसाहेब. त्यांचं म्हणणं एवढंच, की टीव्हीसमोर ठाण मांडून आता बसतं कोण? लोक फोनवर बघतात, पाहिजे तेव्हा बघतात, अर्धं बघून सोडून देतात. आणि आपण अजून खाली पट्ट्या, वर चौकटी, कोपऱ्यात भोवरा — नुसती जत्रा!

खरं आहे. जत्रेतला निम्मा माल माझाच.

मग हसत हसत म्हणाले, "नवं रूप तुम्हीच करा. एप्रिलच्या सुरुवातीला आणू या. नाहीच जमलं तर बाहेरून करून घेऊ." बाहेरचे आले की ग्राफिक्स विभाग नावापुरता उरतो, हे तिथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक. म्हणजे माझ्या हाताखालची तीन पोरं आणि मी. तरी मान डोलावून "जमेल की" असंही म्हणून आले!

घरी आत्याला सांगितलं. तिचा पहिला प्रश्न — "भोवरा जाणार? मग त्या जागी काय येणार?"

४ फेब्रुवारी

दिवसभर कोरा कागद. संध्याकाळपर्यंत तो कोराच बरा दिसायला लागला.

९ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. घरात चिडीचूप. आमचं घुबड आतल्या खोलीत झोपलेलं. (नवरा. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कायमची रात्रपाळी. हे नाव त्याने स्वतःच स्वतःला दिलंय, माझा दोष नाही.) त्यामुळे आमच्या घरातला टीव्ही दिवसा मुका असतो. चित्र चालू, आवाज बंद.

आत्याचं काही अडत नाही. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. लग्नानंतर मी तिला हट्टाने इथे आणली. तिचं स्टूल टीव्हीला जवळजवळ चिकटलेलं. त्यावर ताठ बसते, मान तिरकी, नजर दाराकडे. मी विचारलं, "टीव्ही बघतेस की दार राखतेस?" म्हणाली, "दोन्ही. तुझं काय जातं?" बोलतानाही ती माझ्या तोंडाकडे बघत नाही, कानाकडे बघते. लहानपणी मी तिचं काही ऐकायचे नाही, तेव्हापासून कानावरच लक्ष असणार!

आणि तिच्या गोष्टी! आज दुपारच्या मालिकेत काय झालं ते तिने मला भाजी निवडता निवडता सांगितलं — धाकटी सून कुणाला न सांगता तळ्यावर पोहायला गेली, परत आली तर केस ओले, आणि सासूने काही न विचारता टॉवेल पुढे केला. मी ऐकत राहिले. ती मालिका मला पाठ आहे, खालची पट्टी माझीच पोरं चढवतात. आज त्यात कोर्टाचा सीन होता. सगळे एकमेकांवर ओरडत होते.

घुबड उठल्यावर त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आत्यांची मालिका आपल्याकडे लागतच नाही. लावा की कधीतरी तुमच्या चॅनलवर, सगळे बघतील."

मला ते ओले केस रात्रीपर्यंत दिसत राहिले.

१२ फेब्रुवारी

सुचलं! लिहून ठेवते, नाहीतर जाईल.

ऑफिसच्या खिडकीपाशी चहा घेत उभी होते. समोरच्या इमारतीची भिंत. तीच रोजची, कळकट. सकाळी दुधासारखी होती. दुपारी पांढरी फटक. मी निघाले तेव्हा जर्दाळूच्या रंगाची. कुणीही हात लावला नाही, कुणी 'स्वच्छ' म्हणालं नाही, आणि भिंत दिवसभरात किती वेळा बदलली!

कोपऱ्यात फक्त एक ठिपका ठेवायचा. गोल. फिरायचं नाही, चमकायचं नाही. नुसता दिवसाबरोबर रंग बदलायचा, इतका सावकाश की बदलताना दिसूच नये. अ‍ॅपवर वेळ नसते. तिथे कायम दुपार असते किंवा कायम काहीच नसतं. चॅनलला मात्र सकाळ असते, संध्याकाळ असते, आणि तीच सकाळ त्या वेळी सगळ्यांच्या घरात असते. हे एवढंच तर आपल्याकडे उरलंय!

वाचून बघितलं. जरा जास्तच झालंय. राहू दे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

खिडकीपाशी टेबल ओढून घेतलंय. दर थोड्या वेळाने भिंतीकडे बघायचं, रंग जुळवायचा, जतन करायचा. पोरं हसतात. एकाने माझ्या पाठीवर 'काम चालू, रस्ता बंद' असा कागद चिकटवला. दुपारभर तो तसाच घेऊन फिरले.

प्रक्षेपणाच्या खोलीत ठिपका दाखवायला गेले. तिथले काका — चॅनल सुरू झालं तेव्हापासून तेच त्या खुर्चीत — भोवरा हवेवर चढवणारेही तेच. त्या खोलीला खिडकी नाही. सगळ्या भिंतींना नुसते पडदे. काकांनी बराच वेळ ठिपका पाहिला. "म्हणजे बाहेर ऊन आहे का अंधार, ते मला इथं बसून कळणार?" म्हटलं, हो. "मग लवकर चढव ग पोरी. माझं आयुष्य ट्यूबलाइटमध्ये गेलं."

घरी येताना रस्त्यातल्या प्रत्येक खिडकीत मला ठिपकाच दिसत होता. कुणीतरी माझ्या पायावरून सायकल नेणार होतं, थोडक्यात वाचले.

२३ फेब्रुवारी, रविवार

आत्याची परीक्षा घेतली. म्हणजे तिनेच माझी घेतली.

जुन्या कार्यक्रमांवर ठिपका बसवून घरच्या टीव्हीवर लावला. आवाज बंद. काही सांगितलं नाही. ती नेहमीसारखी दाराकडे बघत बसली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "दुपार उतरली वाटतं."

जिवात जीव आला! नाचलेच मी. घुबड जागं झालं, शिव्या घालून परत झोपलं.

मग दुसरा नमुना लावला. "हा जरा खाली सरकलाय मघापेक्षा." मी तपासलं. सरकला होता! केसभर! माझ्या पोरांच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. खालच्या पट्टीचा निळा थोडा बदलला होता, तोही तिने पकडला.

मग मी माझं खरं लाडकं काम दाखवलं. कार्यक्रमाच्या आधी येतं ते — पडद्याच्या मधोमध पाण्यावर उजेड पसरत जातो आणि त्यातून नाव वर येतं. पंधरवडा मेहनत घेतलीय त्यावर. आत्या म्हणाली, "छान आहे हो." एवढंच! पाहुण्याच्या भाजीला म्हणावं तसं. मी जरा फुरंगटले. तेव्हा म्हणते, "मधलं काय, सगळ्यांचंच छान असतं. तू तुझा कोपरा सांभाळ."

विषय निघालाच आहे तर म्हटलं, चष्म्याचा नंबर तपासून घेऊ या, बरीच वर्षं झाली. तर नाकावर राग! "मला काय धाड भरलीय? ठिपका केसभर सरकला ते तुला दिसलं का मला?"

बिनतोड.

३ मार्च, सोमवार

साहेबांना दाखवलं. खोलीतले दिवे मंद केले, ठिपका सकाळपासून रात्रीपर्यंत भराभर चालवला. मग साहेब खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "सुंदर!" चक्क स्वच्छ म्हणाले नाहीत!

आजपासून रोज दुपार ते संध्याकाळ भोवऱ्याच्या जागी चाचणी म्हणून ठिपका हवेवर. बाकी वेळ भोवरा.

६ मार्च

ऑफिसात फोन. आत्या. "ठिपका केशरी झाला. तू अजून तिथंच?"

९ मार्च, रविवार

घुबडाच्या लक्षात आलं, माझ्या नाही. म्हणाला, "आत्या हल्ली किती वाजले ते विचारत नाहीत." खरंच की! आधी दर तासाला विचारायची, भिंतीवर हे एवढं मोठं घड्याळ असून. आता ठिपका पिवळा पडला की उठते, चहा ठेवते. कपाच्या आत बोट घालून चहा ओतते, बोटाला लागला की थांबते. मी ओरडते, भाजेल! ती म्हणते, "बोटाला सवय आहे."

आजची गोष्ट — मोठ्या जावेने घर सोडलं नाही, सगळ्यांनी मिळून घर उचललं आणि नदीच्या जरा जवळ नेऊन ठेवलं. "भिंती धरून?" मी विचारलं. "नाही तर काय, हवेतून?"

अशा मालिका आम्ही का करत नाही? खरंच का करत नाही?

१४ मार्च, शुक्रवार

घोडं अडलं. आणि कुठे अडलं, तर फोनवर.

साहेबांनी फोन उभा धरला, आमचा कार्यक्रम लावला. उभ्या फोनवर चित्र भरलं की दोन्ही कडा कापल्या जातात. माझा ठिपका अर्धा. पौर्णिमेला निघून अष्टमीला पोचलेला. खालची पट्टीही दोन्हीकडून तुटकी. "शिवाय," ते म्हणाले, "कुणी सकाळचा कार्यक्रम अ‍ॅपवर संध्याकाळी लावला, तर तुमचा ठिपका सकाळ दाखवणार. खोटं बोलणार." म्हटलं, बघणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे रंग घेऊ, मी करून देते. "आणि कडेचं काय?"

मी फोन आडवा करून दाखवला, त्यांनी तो पुन्हा उभा धरला.

"सगळं मध्ये आणा. कडा रिकाम्या, गडद. टीव्हीवर एक आणि फोनवर दुसरं असं नको. पाण्यावरचा उजेड आहे ना तुमचा? तेच खरं रूप आहे. ठिपका काढून टाका." मग प्रेमाने म्हणाले, आणि तेच जास्त लागलं — "बाहेरच्या लोकांनी कोपरा रिकामाच ठेवलाय. त्यांचा नमुना माझ्या टेबलावर आहे. मला तुमचा घ्यायचाय."

आठवडाभराची मुदत.

पोरांच्या तोंडाकडे बघवेना. एकाने चहा आणून ठेवला, तो तसाच निवला.

१५ मार्च

बागेतल्या बाकावर बसले. माझ्या डावीकडे एक, उजवीकडे दोन, समोर एक आजोबा — सगळे फोन उभे धरून. कुणाच्याच चित्राला कडा नव्हत्या. कुणाचं काही अडलेलं दिसलं नाही. आजोबा तर खुदुखुदू हसत होते.

१७ मार्च

स्वप्न पडलं. मी घरभर फिरतेय आणि सगळं सामान खोलीच्या मधोमध येऊन बसलंय. कपाट, पलंग, कुंड्या, आम्ही तिघं. भिंतीपाशी काही नाही. आत्या म्हणतेय, "सरका जरा, मला बसायला जागा द्या." जागा तर सगळीच मोकळी होती! मी हसत उठले आणि मग दात घासताना वाईट वाटलं.

१९ मार्च, बुधवार

केलं. ठिपका काढला. पट्टी काढली. कडा गडद निळ्या. पाण्यावरचा उजेड आणखी संथ केला. अगदी मधोमध, फुंकर मारल्यासारखं नाव उमटतं आणि विरतं. एकटीच बसून पुन्हा पुन्हा पाहिलं.

आणि मला आवडलं! मेलं आवडलंच! रडायची तयारी करून बसले होते आणि आवडलं. इतकं शांत काही मी आजवर केलेलं नाही. पोरं मागे येऊन उभी राहिली ती हललीच नाहीत.

ठिपका जतन करून ठेवलाय. कुठे, ते कुणाला सांगणार नाही.

२१ मार्च, शुक्रवार

मंजूर! बाहेरचे बाहेरच राहिले. विभाग राहिला, पोरं राहिली, आणि फोन, टीव्ही, अ‍ॅप सगळ्याचं रूप आता आमच्याकडे. साहेबांनी हात मिळवला. पोरांनी मला उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

आता आत्याला सांगायचं आहे.

२३ मार्च, रविवार

सांगितलं.

ती शेंगा सोलत होती. "ठिपका नाही?" "नाही ग." "आणि खालची पट्टी?" "तीही नाही. सगळं मध्ये आणलंय." तिचे हात थांबले. शेंग हातात तशीच. "भोवरा तरी?" मी हसले. "आत्या, भोवऱ्यासाठी रडणारी तू जगातली एकटीच!"

ती हसली नाही. म्हणाली, "कोपऱ्यात बारीकसं काही तरी ठेवता नाही यायचं?" मग मीच रडायला लागले. नोकरीचं सांगितलं, पोरांचं सांगितलं, साहेबांच्या टेबलावरच्या त्या दुसऱ्या नमुन्याचं सांगितलं. हे तिला आधी बोलले नव्हते, उगीच घोर नको म्हणून. तिने चाचपत माझा हात धरला. "म्हणजे ठिपका ठेवला असतास तर तुझं काम गेलं असतं?" "बहुतेक." "मग जाऊ दे तो. हे आधी नाही का सांगायचंस? मागे माझा पाय मोडला तेव्हा तू वर्षभर घरी बसलीस. आता माझ्यापायी परत तुझं काही अडायचं नाही. कशानेही. कळलं?"

म्हटलं, ठिपक्याचा आणि तुझ्या पायाचा काय संबंध? "काही नाही. म्हातारीची बडबड."

परत शेंगा सोलायला लागली. थोड्या वेळाने पाहिलं तर टरफलं भांड्यात आणि दाणे पिशवीत. लक्ष नव्हतं तिचं. मी गुपचूप निवडून ठेवले.

२८ मार्च, शुक्रवार

चाचणी संपली. दुपारीही पुन्हा भोवरा. आत्याचा फोन नाही. मीच केला. "किती वाजले ग?" तिने विचारलं.

२ एप्रिल

आत्याच्या गोष्टी बंद. विचारलं, धाकटी सून काय म्हणते? "आहे आपली." तब्येत बरी नाही का? "छान आहे हो."

रागावली असेल का माझ्यावर? घुबड म्हणतं, तुझं नवं रूप पाहिलं की खूश होतील. म्हणून ठरवलंय — रविवारी दुपारी बाराला हवेवर येतंय, तेव्हा ऑफिसात थांबायचं नाही. घरी, तिच्याशेजारी बसून बघायचं. हे ऐकून मात्र खुलली. "त्या दिवशी सकाळपासून टीव्ही लावूच नकोस. मी आंघोळ करून नीट बसेन. एकदम नवंच बघायचं."

५ एप्रिल, शनिवार

काकांकडे जाऊन आले. भोवऱ्याची शेवटची संध्याकाळ. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. त्याने दोनदा चमकून दाखवलं, गाढवाने. काका म्हणाले, "कुरूप होता. पण होता." मला एकदम भरून आलं! ज्याला शिव्या देण्यात उमेदीची वर्षं गेली त्याच्यासाठी!

येताना आत्यासाठी मोगऱ्याची फुलं घेतली. तिने वास घेतला, फुलं नाकासमोरून कानाच्या बाजूला नेली आणि म्हणाली, "पांढरी आहेत ना?"

६ एप्रिल, रविवार

घुबड झोपलेलं, म्हणून आवाज बंद. आत्या धुतलेलं लुगडं नेसून स्टुलावर ताठ बसली. मी तिच्या मागे उभी. बाराला रिमोट दाबला. पडदा गडद निळा झाला, कडेपर्यंत निळा, जवळजवळ काळाच, आणि मधोमध उजेड पसरत गेला. नाव उमटलं. विरलं. पुन्हा उमटलं. माझे डोळे भरून आले. आत्याची मान तिरकी, नजर दाराकडे. मी वाट बघत राहिले, काय म्हणते.

ती हळूच माझ्या कानाकडे वळली. "अगं, लाव की आता टीव्ही. किती ताटकळत ठेवशील?"